शुद्ध म्हणणारा कोणी हवा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेल्या बाई आपल्यापुढे बोलतात आणि आपण खाली सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत, त्यानंतर चूल आणि मुले. तेव्हा बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्यावे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दुपारी काय वाचत बसता तेच सांगा." म्हणून मी वाचले तेच सांगणार आहे. विषय ऐकून तुम्हाला नवल वाटेल. फार जुन्या काळी इस्राएली लोकांत कोणाच्या अंगावर डाग उठला, तर तो पाहायला वैद्याला बोलावीत नसत, याजकाला, म्हणजे त्यांच्या पुरोहिताला बोलावीत. त्याची ही हकीगत आहे.

हे माझ्या वाचनात आले ते आमच्या शेजारच्या मावशींमुळे. त्या बेने इस्राएल, अलिबागकडच्या. आपल्या कोकणात ही मंडळी शेकडो वर्षे राहिली, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. त्यांची बोली मराठीच. १९४८ साली इस्राएल देश झाल्यावर त्यांच्यातले पुष्कळ लोक तिकडे गेले, काही इथेच राहिले. मावशींच्या घरी त्यांचे धर्मशास्त्र मराठीत आहे. त्यातले तिसरे पुस्तक 'लेवीय' नावाचे. एके दुपारी मी ते सहज उघडले आणि तेरावा अध्याय समोर आला. त्यात ५९ वचने, पुढच्या चौदाव्यात ५७, आणि जवळजवळ सगळी डागांबद्दल! मला हसू आले. म्हटले, "मावशी, हे धर्मशास्त्र की दवाखाना?" त्या म्हणाल्या, "दवाखाना नव्हे. नीट वाच. त्यात औषध कुठे आहे का बघ." मी दोन्ही अध्याय वाचून काढले. खरेच, औषधाचे नाव नाही. लेप नाही, काढा नाही, पथ्य नाही. आणि तिथूनच मला गोडी लागली.

त्या रोगाला हिब्रू भाषेत 'त्साराअत' म्हणतात. अंगावर सूज, खपली किंवा चकचकीत पांढरा डाग दिसला, की त्या माणसाला याजकाकडे नेत. याजकाला त्यांच्या भाषेत 'कोहेन' म्हणतात. मोशेचा भाऊ अहरोन, त्याच्या वंशातले हे पुरुष. याजकाने काय पाहायचे ते पुस्तकात सांगून ठेवले आहे. डागातले केस पांढरे झाले आहेत का? डाग कातडीपेक्षा खोल दिसतो का? दोन्ही असतील तर याजक म्हणे 'अशुद्ध'. नसतील, तर घाई नाही. त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवायचे आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहायचे. डाग पसरला नसेल तर आणखी सात दिवस. मग तिसऱ्यांदा पाहायचे. डाग फिका पडला आणि पसरला नाही, तर याजकाने म्हणायचे 'शुद्ध'. ती नुसती खपली होती. त्या माणसाने कपडे धुवायचे आणि घरी जायचे.

भगिनींनो, हे चौदा दिवस मला फार मोलाचे वाटले. डाग दिसला की लगेच निकाल नाही. संशय असेल तर थांबायचे आणि थांबून पुन्हा डोळ्यांनी बघायचे.

गळू बरे होऊन तिथे डाग उठला तर काय, भाजलेल्या जागी उठला तर काय, डोक्यात किंवा दाढीत चाई पडून केस पिवळे आणि बारीक झाले तर काय, प्रत्येकाचा नियम निराळा आहे. नुसते टक्कल पडले तर तो माणूस शुद्ध, असेही स्पष्ट लिहिले आहे. पुरुषमंडळींना तेवढा दिलासा! फिकट पांढरे ठिपके उठले तर ते साधे पुरळ, माणूस शुद्ध. आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही, की डोक्यापासून पायांपर्यंत सगळे अंगच पांढरे झाले तर याजकाने त्याला शुद्ध म्हणायचे. मात्र त्यात लाल मांस दिसू लागले की अशुद्ध. यावरूनही कळते, की लागण थोपवणे एवढाच काही या नियमांचा हेतू नव्हता. देवाच्या मंडपाजवळ कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. म्हणून तो निकाल याजकाकडे.

ज्याला अशुद्ध ठरवले त्याचे हाल मात्र वाचवत नाहीत. कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, वरचा ओठ झाकायचा आणि 'अशुद्ध, अशुद्ध' असे स्वतःच ओरडायचे. छावणीच्या बाहेर एकटे राहायचे. आपल्यातल्या वयस्कर बायकांनी महिन्याचे चार दिवस बाहेर बसणे भोगले आहे, त्यांना त्या एकटेपणाचा थोडासा अंदाज येईल. पण आपले चार दिवस ठरलेले होते. त्याचे दिवस ठरलेले नव्हते. डाग आहे तोवर बाहेर. ही रीत कठोर होती, आणि मी तिची तरफदारी करायला उभी नाही.

तरीही त्याच रीतीत काही गोष्टी अशा आहेत, की आपण त्यांच्यापाशी थांबावे.

एक घराची. घराच्या भिंतीला हिरवट किंवा तांबूस खळगे पडले, तर तेही त्साराअत समजत. पावसाळ्यात आपल्या भिंतींना ओल येते, तसेच काहीसे असावे. घरमालकाने याजकाकडे जाऊन म्हणायचे, "माझ्या घरात डागासारखे काहीतरी दिसते." 'डाग आहे' असे म्हणायचे नाही, 'डागासारखे' एवढेच. निकाल देणे त्याचे काम नव्हे. पुढच्या काळच्या पंडितांनी तर सांगितले, की घरमालक स्वतः मोठा विद्वान असला आणि त्याला पक्के ठाऊक असले, तरी त्यानेही 'डागासारखे'च म्हणायचे. मग याजक येण्याआधी घरातले सगळे सामान बाहेर काढायचे. का? तर याजकाने आत येऊन घर बंद केले, की आत असलेली प्रत्येक वस्तू अशुद्ध ठरणार. म्हणून तो येण्यापूर्वीच गरिबाचे किडूकमिडूक वाचवायचे. या पंडितांनी विचारले, की देवाला एवढी काळजी कशाची? कपडा, लाकूड, धातूचे भांडे पाण्यात बुडवून शुद्ध करता येते. मातीचे मडके तेवढे येत नाही, ते फोडावेच लागते. म्हणजे ही सगळी काळजी त्या घरातल्या मडक्यांची! मी हे वाचले तेव्हा माझे लक्ष आपोआप फळीवरच्या माझ्या लोणच्याच्या बरणीकडे गेले. शास्त्र लिहिणाऱ्याला बाईच्या मडक्याची आठवण राहिली, हे मला फार आवडले.

मग घर सात दिवस बंद. डाग पसरला तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंती आतून खरवडायच्या, नवे दगड बसवून गिलावा करायचा. एवढे करूनही डाग परत उठला तरच घर पाडायचे. नाही उठला, तर घर शुद्ध. कपड्याचेही तसेच. लोकरीच्या, तागाच्या किंवा चामड्याच्या वस्तूवर हिरवा वा तांबडा डाग आला तर आधी सात दिवस बाजूला, मग धुणे, आणि शेवटी जाळणे.

दुसरी गोष्ट तपासणाऱ्याची. इसवी सन ७० मध्ये रोमन लोकांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि याजकांचे यज्ञविधी बंद पडले. पण यहुदी पंडितांनी या नियमांचा अभ्यास सोडला नाही. सुमारे २०० सालाच्या आसपास त्यांची परंपरेची वचने 'मिश्ना' नावाच्या ग्रंथात एकत्र झाली. त्यात डागांवर 'नेगाईम' नावाचे चौदा अध्यायांचे एक प्रकरणच आहे. त्यात रब्बी मेईर म्हणतात, की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी डाग पाहू नये, घराच्या आत पाहू नये आणि आभाळ आले असतानाही पाहू नये, कारण तेव्हा फिका डागही झळझळीत दिसतो. भर दुपारीही पाहू नये, कारण तेव्हा झळझळीत डाग फिका दिसतो. ज्याचा एक डोळा गेला आहे किंवा नजर मंद आहे, अशा याजकाने पाहू नये. स्वतःचा डाग स्वतः पाहू नये. आणि रब्बी मेईर यांचे म्हणणे, की आपल्या नातेवाइकांचाही पाहू नये. घरच्या माणसाबद्दल आपला डोळा सरळ राहत नाही, एकतर लपवतो, नाहीतर वाढवतो. हे मी पुढे माझ्यावरच लावून दाखवणार आहे.

बाईची तपासणी कशी करावी, तेही त्यात आहे. ती कणीक मळत असल्यासारखी, मुलाला पाजत असल्यासारखी आणि उभ्या मागावर विणत असल्यासारखी उभी राहील, तेव्हा जेवढे अंग दिसेल तेवढेच पाहायचे. त्यापलीकडे घडीत, आडोशाला काही असेल तर ते शोधत बसायचे नाही. आणि नवऱ्या मुलाच्या अंगावर डाग दिसला तर लग्नाचे सात दिवस त्याला तपासायचेच नाही. सणाच्या दिवसांतही नाही. माणसाचा आनंद आधी, डाग मागाहून.

आता कोणी विचारील, याजकाला या विद्येतले कळत नसले तर? त्याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. डाग पाहण्याचे ज्ञान कोणालाही असू शकते. जाणत्याने पाहावे आणि याजकाला सांगावे, "शुद्ध म्हण" किंवा "अशुद्ध म्हण". शब्द मात्र याजकाच्याच तोंडून निघायला हवा. तो शब्द निघेपर्यंत माणूस अशुद्ध नाही, आणि बरा झाला तरी तो शब्द निघेपर्यंत शुद्धही नाही.

तिसरी गोष्ट परत येण्याची, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. बाहेर काढलेल्या माणसाचा डाग गेला, तर त्याने वेशीशी येऊन हात जोडायचे नाहीत. याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला पाहायचे. मग दोन पाखरे, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती आणायची. मातीच्या भांड्यात वाहते पाणी घेऊन एक पाखरू त्यावर मारायचे, बऱ्या झालेल्या माणसावर सात वेळा शिंपडायचे, आणि दुसरे पाखरू उघड्या रानात सोडून द्यायचे. त्याने कपडे धुवायचे, केस काढायचे, आंघोळ करून छावणीत यायचे, पण सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहायचे. आठव्या दिवशी अर्पण. त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला याजक आधी रक्त आणि मग तेल लावतो. अर्पणाला तीन कोकरे लागत. पण गरीब असेल त्याला एक कोकरू आणि दोन पारवे पुरत. पैसा नाही म्हणून कोणी बाहेर राहू नये, एवढी सोय केली होती. म्हणजे जितक्या जाहीरपणे माणसाला बाहेर काढले, तितक्याच जाहीरपणे, किंबहुना अधिक थाटाने, त्याला आत घेतले.

त्यांच्या शास्त्रात मिर्यामची गोष्ट आहे. ती मोशेची बहीण. तिने मोशेच्या कूशी बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलणे काढले आणि तिचे अंग बर्फासारखे पांढरे झाले. सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवले. अहरोनही तिच्याबरोबर बोलला होता, पण डाग उठला तो बाईलाच, हे मावशींनी हसत हसत माझ्या ध्यानात आणून दिले! पण पुढचे ऐका. ते सात दिवस सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही. मिर्याम परत आत आली, मगच सगळे पुढे निघाले. या गोष्टीवरूनच यहुदी पंडित म्हणू लागले, की त्साराअत ही चहाडीची, निंदेची शिक्षा आहे. पाखरे का, तर ती सतत चिवचिवतात म्हणून, असेही ते सांगत. लेवीयच्या तेराव्या अध्यायात मात्र पापाचा शब्द नाही. डाग का उठला, हे याजक विचारीतच नाही. तो फक्त पाहतो.

आता एक घोटाळा सांगते. हा त्साराअत म्हणजे आपला महारोग का? पुष्कळ भाषांतरांत तसाच शब्द आला आहे. पण आजचे जाणकार म्हणतात, की नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर सुरू झाले, तेव्हा त्साराअतसाठी 'लेप्रा' शब्द घातला. लेप्रा म्हणजे खवल्याखवल्यांचा त्वचारोग. पुढे हेच नाव महारोगाला चिकटले, आणि महारोग्यांवर त्या जुन्या अध्यायाचा सगळा भार पडला. महारोगात डागावरची जाणीव जाते, बोटे वाकतात. त्यातले एकही लक्षण त्या अध्यायात नाही. भिंतीला आणि लुगड्याला तर महारोग होतच नाही! एका शब्दाच्या चुकीने किती माणसे पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर राहिली असतील, याचा विचार करा.

आपणही तेच केले आहे. कोड निराळे, महारोग निराळा. पण कोड हा शब्द कुष्ठावरूनच आला, आणि पांढऱ्या डागांना लोक श्वेतकुष्ठ म्हणतात. कोडात कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशी जातात, बाकी काही नाही. ते स्पर्शाने लागत नाही, उष्ट्याने लागत नाही, कपड्याने लागत नाही. आणि महारोगाचीही आता भीती धरू नये. त्याचा जंतू नॉर्वेतल्या हॅन्सन डॉक्टरांनी १८७३ साली शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार सांगितला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. महारोग्यांना डांबून ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि जोडीदाराला महारोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ साली काढली गेली. कायद्याने शुद्ध म्हटले. आपण म्हटले का?

आता माझ्या घरचे सांगते. ज्यांचे हे आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

माझी धाकटी नणंद एकोणीस वर्षांची असताना तिच्या ओठाजवळ आणि बोटांवर पांढरे डाग उठले. डॉक्टरांनी पाहिले आणि सांगितले, "हे कोड आहे. कोणाला लागत नाही. घरात काही वेगळे करू नका." आम्ही माना डोलावल्या. आणि घरी येऊन मी तिची कपबशी वेगळी ठेवली. कोणी सांगितले नव्हते, माझी मीच ठेवली. तिच्या हातच्या पुरणपोळ्या आळीत नावाजलेल्या होत्या. पुढच्या होळीला तिने पोळपाट घेतला तर मी म्हणाले, "तू बस, दमली असशील, मी लाटते." ती काही बोलली नाही, उठून गेली. त्यानंतर आमच्या घरात तिने कधी पोळपाट घेतला नाही. दोन स्थळे आली आणि परत गेली. एका हळदीकुंकवाला एका बाईने तिला वाण हातात न देता पाटावर ठेवून दिले. त्या बाईचे नाव मी घेत नाही, कारण कपबशी वेगळी ठेवणारीने दुसरीचे नाव काय घ्यावे? तेव्हापासून ती चार बायकांत यायची बंद झाली. वीस वर्षांहून अधिक झाली.

तो अध्याय वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. मनात आले, त्या रानटी म्हणून आपण नावे ठेवतो त्या काळात निदान एक याजक होता. त्याने उजेडात पाहिले असते, थांबला असता, पुन्हा पाहिले असते, आणि 'शुद्ध' असे सगळ्यांदेखत म्हटले असते. मग कोणाची छाती नव्हती तिला दूर बसवायची. आमच्या घरात 'अशुद्ध' कोणीच म्हटले नाही. तोंडाने एक शब्द नाही. सगळे कपबशीने म्हटले, पोळपाटाने म्हटले. जे तोंडाने म्हटले नाही ते परत तरी कसे घ्यायचे?

सकाळी मी ती वेगळी कपबशी काढली, माझा चहा तिच्यात ओतला आणि तिच्यासमोर बसून प्यायले. म्हटले, "माझे चुकले गं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वहिनी, डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले होते." एवढेच. तिने मला रागे भरले असते तर बरे वाटले असते.

भगिनींनो, आज आपल्याकडे पाहण्याचे काम डॉक्टरांचे. ते त्यांनीच करावे. अंगावर डाग दिसला, मुलाच्या गालावर पांढरा ठिपका आला, तर शेजारणीला विचारू नका, चारचौघींत बोलू नका, डॉक्टरांकडे जा. तोवर 'डागासारखे' एवढेच म्हणा. पण डॉक्टरांनी शुद्ध म्हटल्यावर ते सगळ्यांदेखत म्हणण्याचे काम डॉक्टरांचे नाही. ते आपले आहे. वाण हातात देऊन म्हणायचे, त्याच कपातून चहा देऊन म्हणायचे. आणि मिर्यामसाठी सारे लोक सात दिवस थांबले, तसे कोणी मागे राहिली असेल तर मंडळाने तिच्यासाठी थांबायला शिकायचे, तिच्या दारी जाऊन तिला आणायचे. याजक छावणीबाहेर जात असे, हे विसरायचे नाही.

माझी नणंद आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. सभेनंतर जो शिरा वाटायचा आहे तो तिने केला आहे. अध्यक्षबाईंना विचारून केला आहे, आणि मी तो लपवून नव्हे, सांगून तुमच्यापुढे ठेवते आहे. ज्यांना घ्यायचा त्यांनी तिच्याच हातून घ्यावा.